‘डॉक्टर हू’ बघायचंय? मग सुरुवात इथून करा!

साठ वर्षांहून जुनी मालिका आणि शेकडो भाग! हे ऐकूनच तुम्ही ‘डॉक्टर हू’चा नाद सोडला असेल, तर जरा थांबा. सगळं पहिल्यापासून बघायची अजिबात गरज नाही.

बीबीसीवर ही मालिका १९६३ मध्ये सुरू झाली. पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते लखनौत जन्मलेले वारिस हुसेन. पण ते कृष्णधवल भाग आज संथ वाटतात आणि त्या दशकातले बरेच भाग तर हरवलेलेच आहेत.

म्हणून २००५चा ‘रोझ’ हा भाग आधी लावा. दुकानात काम करणारी रोझ डॉक्टरला पहिल्यांदाच भेटते, त्यामुळे तिच्यासोबत आपल्यालाही सगळं कळत जातं. डॉक्टर परग्रहावरचा, निळ्या पोलीस बॉक्समधून काळाच्या आरपार फिरणारा. मरणाच्या दारात पोहोचला की त्याचा चेहरा आणि स्वभावही बदलतो. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांना तब्येत साथ देईना, तेव्हा १९६६ मध्ये काढलेली ही युक्ती! तिच्याच जोरावर मालिका आजवर टिकली.

एकच भाग बघून ठरवायचंय? ‘ब्लिंक’ (२००७) बघा. यातले दगडी पुतळे आपली पापणी लवताच पुढे सरकतात, तेव्हा लहान मुलांना एकटं बसवू नका.

आणि आजी-आजोबांसोबत ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ (२०१८) नक्की बघा. १९४७ची फाळणी, ऐन त्या दिवसांतलं एक लग्न आणि दुरावलेले दोन भाऊ. भाग संपला की लगेच पुढचा लावू नका. त्या काळाबद्दल त्यांनी काय ऐकलंय, ते आधी विचारा.