भिंतीआडची बोली



माणसाची पारख त्याच्या बोलण्यावरून होते, असे आपले वाडवडील सांगत. मग उंच भिंतींआड कोंडलेल्या बंदिवानांची पारख त्यांच्या बोलीवरून होईल काय? ग्रेशम साइक्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटन येथील कडक बंदोबस्ताच्या कारागृहात तसा प्रयत्न केला. त्यांचा ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला.

तेथील कैद्यांनी एकमेकांना विशेष नावे ठेवली होती. स्वतःच्या लाभासाठी सोबत्याची चहाडी करणारा तो ‘उंदीर’. दुबळ्याच्या हातातील वस्तू धाकदपटशाने हिसकावणारा तो ‘गोरिला’. आणि वाटून खाण्याजोगी वस्तू सोबत्यालाच विकणारा तो ‘व्यापारी’. भिंतीबाहेर व्यापारी हा प्रतिष्ठित शब्द. भिंतीआड मात्र तो दूषण ठरला. जेथे सर्वांचीच झोळी रिकामी, तेथे सोबत्याच्या गरजेवर नफा काढणे हे त्या चोर-दरोडेखोरांनाही निंद्य वाटे!

मग गौरवाचा शब्द कोणता? ‘खरा माणूस’. हा पहारेकऱ्यांशी व्यर्थ भांडत नाही, त्यांच्यापुढे लाचारही होत नाही. आपले दुःख मुकाट्याने सोसतो, जवळचे वाटून देतो आणि दिलेला शब्द पाळतो. स्वातंत्र्य, घरदार, स्वतःची इच्छा, जिवाची निर्धास्तता, सारे हिरावले गेले, तरी माणूसपण राखता येते, हीच त्या नावातील ग्वाही होय.

परंतु या बोलीची दुसरी बाजूही विसरू नये. ‘उंदीर’ या शब्दाचा धाक इतका, की गोरिलाने नाडलेला दुबळा कैदीही तक्रार करण्यास कचरे. जो शब्द विश्वासघातास आळा घाली, तोच अन्यायावर पांघरूण घाली. गावकीतही असे घडत नाही काय? ‘घरचे बाहेर सांगू नये’ या एका वाक्याखाली किती अश्रू दडपले जातात!

यावरून एक बोध घ्यावासा वाटतो. शब्द हे केवळ वर्णन करीत नाहीत. ते माणसाला बांधतात. शिक्षा भोगून एखादा आपल्या गावी परततो. कायद्याचे देणे त्याने फेडलेले असते. तरी विहिरीवर, पारावर, लग्नमांडवात त्याचे नाव मागे पडते आणि ‘तो तुरुंगातला’ एवढेच उरते. त्याच्या लेकरांनाही तीच ओळख चिकटते. ही शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने सुनावलेली नसते. ती आपली जीभ सुनावते.

ट्रेंटनच्या बंदिवानांनी निदान ‘खरा माणूस’ हा शब्द राखून ठेवला होता. परतलेल्या शेजाऱ्यासाठी आपल्या घरात कोणता शब्द आहे, हे आज रात्री जेवताना प्रत्येकाने स्वतःस विचारावे.