आवाजाचा रोजमेळ

व्यापारी पेढीवर दिवसाअखेर रोजमेळ मिळवण्याची शिस्त पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. चार रुपयांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत वही मिटत नाही. परंतु ज्या घरात कापडाच्या प्रत्येक ताग्याची नोंद असते, त्याच घरात पंधरा लाख रुपये मोजून घेतलेल्या नव्या एसयूव्हीची तक्रार मात्र तोंडी सांगितली जाते आणि तोंडीच विरून जाते. स्टिअरिंगमधून वारंवार येणारा आवाज हे याचे ठळक उदाहरण होय.

अनुभव बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. घाटकोपरच्या किंवा बोरिवलीच्या सोसायटीतून गाडी बाहेर काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवले की ‘कट्’ असा आवाज येतो. गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये जाते, कुठे ग्रीस लावले जाते, कुठे बोल्ट आवळले जातात. पंधरा दिवस शांततेत जातात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर आवाज पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या खेपेस ‘या मॉडेलला एवढा आवाज असतोच’ असे उत्तर मिळते. तिसऱ्या खेपेस तर, नेमका दाखवायच्या वेळी, आवाज येतच नाही. मग घरातील ज्येष्ठ म्हणतात, ‘गाडी चालते ना? जाऊ द्या.’ हे ‘जाऊ द्या’ पुढे फार महाग पडते.

प्रथम आवाजाचे मूळ समजून घेणे इष्ट. नव्या एसयूव्हींमध्ये बहुधा विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग असते. त्यात जुन्या गाड्यांसारखा तेलाचा पंप नसतो. त्यामुळे ‘तेल कमी झाले असेल’ हे जुने निदान येथे लागू पडत नाही. चालकाच्या हातापासून पुढच्या चाकांपर्यंत सांध्यांची एक साखळी असते आणि तिच्यातील प्रत्येक सांध्याची तक्रार करण्याची रीत वेगळी असते. हाताजवळच कागद घासल्यासारखी खरखर येत असेल, तर संशय स्टिअरिंगखालच्या आवरणावर किंवा एअरबॅगच्या तारांच्या गुंडाळीवर जातो. खडबडीत रस्त्यावर पायांजवळ टकटक जाणवली, तर स्टिअरिंग आणि रॅक यांना जोडणाऱ्या दांड्याचा सांधा किंवा रॅकमधील बुश तपासावा लागतो. गाडी जागेवर उभी असताना वळवल्यास बॉनेटच्या कोपऱ्यातून करकर येत असेल, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या माथ्यावरील बेअरिंग पाहावे. खड्ड्यात ‘खट्’ वाजणे बहुधा टाय रॉडचे टोक, बॉल जॉइंट किंवा स्टॅबिलायझर लिंक यांच्याशी निगडित असते. तर वळणावर वेग देताना लयीत येणारी कटकट अ‍ॅक्सलच्या सांध्याकडे बोट दाखवते. जागेवर वळवताना येणारी मोटरीची मंद गुणगुण मात्र पुष्कळदा दोष नसते.

उपनगरांतील वापर या सांध्यांची परीक्षाच पाहतो. अरुंद पार्किंगमध्ये गाडी उभी असतानाच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले जाते. टायर जमिनीला घट्ट धरून असल्याने त्या क्षणी साखळीवर सर्वाधिक ताण येतो. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत पावसाळ्यातील खड्डे आणि गतिरोधक सांध्यांना रोज धक्के देतात. सांध्यावरील रबरी आवरण फाटले, तर चिखलपाणी आत शिरून ग्रीस धुऊन नेते. अशा सांध्याला वरून लावलेले ग्रीस आवाज काही दिवस झाकते, झीज थांबवत नाही. आवाज पुन्हा पुन्हा परतण्याचे एक मोठे कारण हेच.

प्रत्येक आवाज धोक्याचा नसतो. तथापि आवाजासोबत स्टिअरिंग सैल वाटणे, एकाएकी जड होणे, गाडी एका बाजूला ओढणे किंवा स्टिअरिंगचा इशारादिवा लागणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास गाडी बाहेर काढू नये. मांगी-तुंगीच्या दर्शनाला निघालेल्या कुटुंबाला कसारा घाट चढायचा असतो, ही गोष्ट विसरून चालणार नाही. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या मॉडेलांच्या ८७,५९९ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात तयार झालेल्या त्या गाड्यांत टाय रॉडचा एक भाग सदोष असण्याची शक्यता होती आणि क्वचित प्रसंगी तो तुटून गाडीवरील ताबा बिघडू शकला असता. तपासणी व भागाची बदली कंपनीने विनामूल्य देऊ केली. आपल्या गाडीचा चासी क्रमांक अशा एखाद्या मोहिमेत आहे काय, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

आता नोंदीविषयी. गाडीसाठी वहीत एक स्वतंत्र पान असावे. आवाज आला त्या दिवशीची तारीख, किलोमीटरचा आकडा, ठिकाण, वेग, डावे वळण की उजवे, रस्ता कोरडा की ओला, गाडी थंड होती की बराच वेळ चाललेली, एवढे लिहिले तरी पुरे. सोबत बसलेल्याने मोबाइलवर ध्वनिचित्रण करावे. सर्व्हिस सेंटरमध्ये ‘जनरल चेकअप’ असे लिहिलेले जॉब कार्ड स्वीकारू नये; ‘डावीकडे पूर्ण वळवताना, कमी वेगात, पुढच्या डाव्या बाजूने आवाज, तिसरी खेप’ असे ग्राहकाचेच शब्द त्यावर उतरवून घ्यावेत. शक्य असेल तर तंत्रज्ञाला शेजारी बसवून, आवाज जेथे येतो त्याच रस्त्याने गाडी फिरवावी. गाडी परत घेताना कोणता भाग बदलला आणि कोणता केवळ आवळला, हे लेखी मागावे. काम विनामूल्य झाले तरी शून्य रुपयांचे बिल जपून ठेवावे, आणि स्वतः गाडी चालवून पाहण्यापूर्वी समाधानाच्या रकान्यात सही करू नये. अशा नोंदींचा पहिला उपयोग कुशल तंत्रज्ञालाच होतो, कारण पाच नोंदी एकत्र वाचल्या की दोष कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो.

दुसरा उपयोग कायद्याचा. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये केलेल्या कायद्यात नव्या गाडीसाठी मोजमापच ठरवले: चार वेळा दुरुस्ती करूनही तोच दोष राहिला, किंवा गाडी ३० दिवस दुरुस्तीत अडकली, तर ग्राहकाचा हक्क उभा राहतो. भारतात असा ठरीव आकडा नाही. उलट २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका खटल्यात, तक्रार क्लचची असताना, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वॉरंटीत सदोष भाग बदलण्याचे वचन असेल, तर तेवढ्यावरून संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून येथे ग्राहकाला दोषाची पुनरावृत्ती स्वतःच सिद्ध करावी लागते, आणि ती जॉब कार्डांच्या चळतीनेच सिद्ध होते.

दाद मागण्याचा मार्ग लांबचा नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. १९७५ पासून कार्यरत असलेली मुंबई ग्राहक पंचायत मार्गदर्शन करते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जेथे राहतो वा काम करतो तेथेच तक्रार करता येते. उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्व येथे आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग पुरतो, आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी शुल्क अवघे ४०० रुपये आहे. आवश्यक तेथे आयोग प्रयोगशाळेकडून तपासणी करवून घेऊ शकतो. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. वॉरंटी तीन वर्षांची आहे म्हणून दावाही तीन वर्षे चालेल, असे गृहीत धरू नये.

व्यापारी घरांत आणखी एक शंका हमखास निघते. गाडी पेढीच्या किंवा कंपनीच्या नावावर असते, घसाराही तिथेच दाखवलेला असतो. मग मालक ‘ग्राहक’ ठरतो काय? डेमलर क्रायस्लर इंडिया आणि कंट्रोल्स अँड स्विचगिअर यांच्यातील खटल्यात, जुलै २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने कंपनीने संचालकाच्या व्यक्तिगत वापरासाठी घेतलेली गाडी ‘व्यापारी हेतू’ची मानली नाही. तेथे तक्रार गाडी तापण्याची होती. मालाची ने-आण करणाऱ्या किंवा भाड्याने फिरणाऱ्या वाहनाची गोष्ट निराळी. म्हणून गाडी प्रत्यक्षात कोण व कशासाठी वापरते, हेही त्याच पानावर नोंदलेले बरे.

वही दोन्ही बाजूंनी खरी हवी. बाहेरून बसवलेले रुंद टायर, फुटपाथच्या कडेला बसलेला धक्का, पाणी भरलेल्या रस्त्यातून नेलेली गाडी, हेही तिच्यात यावे. अर्धसत्याची नोंद पहिल्याच उलटतपासणीत उघडी पडते.

अखेरचा प्रश्न व्यवहारापेक्षा सचोटीचा आहे. आवाजाला कंटाळलेली पुष्कळ घरे दोन-तीन वर्षांत गाडी विकून मोकळी होतात. जाण्यापूर्वी सांध्यांना ताजे ग्रीस लावले जाते आणि गाडी पाहायला आलेल्या माणसाला सपाट रस्त्यावरून फिरवून आणले जाते. तो माणूसही कुटुंबासह त्याच गाडीत बसणार असतो. दोष झाकून विकलेल्या मालाने पेढीच्या नावाला बट्टा लागतो, हे ज्यांना दुकानात सांगावे लागत नाही, त्यांनी गाडी विकताना किल्लीबरोबर ते पानही नव्या मालकाच्या हाती द्यावे. किंमत थोडी कमी येईल. घेणाऱ्याला मात्र आपण काय घेतो आहोत, हे ठाऊक असेल.