शिक्षकाला लॉगिन दिले, लेखणी कधी देणार?

शिक्षकांना ब्लॉग आणि ऑनलाइन साधने शिकवली पाहिजेत, ही मागणी आता जुनी झाली. साधने पोचली. प्रशिक्षणेही झाली. ही साधने हातात आल्यावर शिक्षक लिहू लागले का, हे मात्र कुणी विचारत नाही. माझे उत्तर नकारार्थी आहे. शिक्षक माहिती भरू लागले, फोटो चढवू लागले, लिंक पुढे पाठवू लागले. याला लिहिणे म्हणत नाहीत.

मी रायपूरच्या शंकर नगरात राहते. छत्तीसगढची राज्य शैक्षिक संशोधन व प्रशिक्षण परिषद याच भागात आहे. कोविडच्या टाळेबंदीत, ७ एप्रिल २०२० रोजी, राज्याने ‘पढ़ई तुंहर दुआर’ हे पोर्टल सुरू केले. मराठीत सांगायचे तर ‘शिक्षण तुमच्या दारी’. जिथे नेटवर्क नाही तिथे ब्लूटूथने ध्वनिफिती पोचवण्याची ‘बुल्टू के बोल’ योजना त्याच वर्षी आली. ब्लूटूथचे ‘बुल्टू’ करणाऱ्या भाषेचे मला अनुवादक म्हणून अपार कौतुक आहे. तंत्रज्ञानाला आपलेसे करण्याची ताकद लोकांच्या बोलीत असते, आपल्या प्रशिक्षणांत ती दिसत नाही.

याच पोर्टलवर ‘हमारे नायक’ नावाचे सदर होते. चांगले काम करणारे शिक्षक आणि विद्यार्थी यांची त्यात ओळख करून दिली जाई. कौतुक झालेच पाहिजे. पण नायकाची गोष्ट यशाचीच असावी लागते. वर्गात जे रोज घडते, म्हणजे फसलेला तास, न समजलेला शब्द, मागच्या बाकावरचे मौन, त्याला अशा सदरात जागा नसते. ब्लॉग नेमका त्याच्यासाठी असतो: तारीख घालून, ‘मी’ म्हणून, उद्या मत बदलण्याची मुभा ठेवून केलेले लेखन.

हा दोष एकट्या छत्तीसगढचा नाही. महाराष्ट्रात २०१६ साली शिक्षकांनी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून तो ‘सरल’ प्रणालीत चढवावा, असा निर्णय निघाला होता. विरोधानंतर तो थांबला. पण त्यामागची समजूत टिकून आहे, की ऑनलाइन साधन म्हणजे शिक्षकाने काम केल्याचा पुरावा द्यायची खिडकी. शिक्षकांनी स्वतः चालवलेले मराठी ब्लॉगही उघडून पाहा. शासन निर्णय, वेळापत्रके, प्रश्नपत्रिका, पीडीएफ. उपयुक्त खरेच, पण त्यातल्या बहुतेकांत शिक्षक कुठे भेटतच नाही.

यात नुकसान काय? एक उदाहरण देते. छत्तीसगढीत ‘टूरा जाथे’ आणि ‘टूरी जाथे’: मुलगा असो की मुलगी, क्रियापद तेच. हिंदीत ‘जाता’ आणि ‘जाती’. छत्तीसगढी घरातले मूल पहिलीत आले की त्याला हे लिंग नव्याने शिकावे लागते, आणि वहीत त्याची ‘चूक’ लाल शाईने रंगते. ती चूक नसून दुसऱ्या व्याकरणाची शिस्त आहे, हे रोज पाहणारी व्यक्ती एकच: वर्गशिक्षिका. तिने हे लिहिले तर भाषाशास्त्रज्ञाला, पाठ्यपुस्तककाराला, आम्हा अनुवादकांनाही शिकण्यासारखे आहे. गोंडी आणि हलबी घरांतल्या मुलांबद्दल तर आणखीच. ती लिहीत नाही म्हणून हे ज्ञान तिच्या निवृत्तीबरोबर संपते.

‘शिक्षकांना लिहिता येत नाही’ असे सांगितले जाते. हा आरोप इतिहासाला धरून नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. शिक्षणाला वाहिलेल्या ‘शालापत्रका’चे संपादन त्यांनी केले, आणि नोकरीत असतानाच १८७४ साली स्वतःची ‘निबंधमाला’ काढली. त्यांची सगळी मते मला मान्य नाहीत. पण मराठी निबंधाला वळण लावणारे ते मासिक एका शिक्षकाने, कुणाच्या परवानगीच्या साच्यात न बसता लिहिले. आजच्या शिक्षकाला छापखाना लागत नाही. त्याला अडवते ती भीती: उद्या नोटीस आली तर? शिवाय सर्वेक्षणे, निवडणुका आणि नोंदी यांतून उरलेला वेळ किती?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. तंत्रप्रशिक्षणाचा अर्धा वेळ लेखनाला द्या: निरीक्षण कसे नोंदवावे, परिच्छेद कसा बांधावा, दुसऱ्याचा मजकूर नाव देऊन कसा घ्यावा. शिक्षकाचे पान शिक्षकाच्या मालकीचे असू द्या, बदली झाली तरी त्याच्याबरोबर जाणारे. छत्तीसगढीत, गोंडीत, हलबीत, मराठीत, ज्या भाषेत तो विचार करतो तीत लिहू द्या. मुलांची नावे आणि चेहरे बाहेर जाऊ नयेत, हा नियम कडक ठेवा. आणि वर्गातल्या अडचणींबद्दल लिहिणे हा शिस्तभंग नाही, हे आदेशात लेखी सांगा.

यातली शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे. तिला ना संगणक लागतो, ना इंटरनेट, ना निविदा. तीच सर्वांत आधी मान्य व्हावी. ती होत नाही तोवर प्रत्येक नवे अॅप शिक्षकाच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवील, आणि आपण त्याला डिजिटल क्रांती म्हणत राहू.