लष्करी ट्रेलर शेतीच्या कामी जुंपताना

कोयनानगरच्या परिसरात वर्षाला सरासरी सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात हेळवाकपासून कुंभार्ली घाटापर्यंत भर दुपारीही धुके असे उतरते की, पुढचे वाहन अगदी जवळ येईपर्यंत नजरेस पडत नाही. खताची पोती, भाताची रोपे किंवा जळाऊ लाकूड भरलेला ट्रेलर याच रस्त्याने न्यावा लागतो. त्या ट्रेलरच्या मागे लाल दिवा नसेल, तर मागून येणाऱ्या मोटारीस तो दिसणार कसा, हा प्रश्न ट्रेलर विकत घेण्यापूर्वीच विचारला गेला पाहिजे. दुर्दैवाने तो बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो.

सातारा जिल्हा हा सैनिकांचा जिल्हा. येथील अपशिंगे गाव तर ‘मिलिटरी अपशिंगे’ याच नावाने ओळखले जाते. त्यामुळे लष्कराच्या मालाविषयी येथील शेतकऱ्यास आपलेपणा आहे आणि भरवसाही आहे. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपल्यानंतर लष्कराच्या जीपगाड्या, मालमोटारी व ट्रेलर विक्रीस निघाले आणि मुलकी कामाला लागले. आजही लष्कराच्या सेवेतून काढलेली वाहने व सामान यांचे लिलाव होतात. १९६४ साली स्थापन झालेली एमएसटीसी ही केंद्र सरकारची कंपनी असे लिलाव चालविते. लष्करी ट्रेलरचा सांगाडा भक्कम, कमानी मजबूत आणि चाके उंच असल्याने चिखलाच्या वाटेवर तो उपयोगी पडतो. अशी खरेदी करण्यात काटकसर आहे, आणि ती योग्यच आहे. चूक होते ती पुढे. ट्रेलर घरी आला की प्रथम त्याला रंग दिला जातो, पाटीवर नाव लिहिले जाते, आणि जोडणीसाठी हाती उरेल तेवढाच पैसा खर्च होतो. वास्तविक हा क्रम उलटा असावयास हवा. जोडणी पुरी झाल्याखेरीज ट्रेलरची खरेदीच पुरी झाली नाही, असे समजणे हितावह आहे.

जोडी जुळली पाहिजे

बैलांची जोडी घेताना शेतकरी उंची, वय व चाल पाहतो. उंच बैलाशेजारी ठेंगणा बैल जुंपला तर जू एका बाजूस कलते, हे त्यास सांगावे लागत नाही. ट्रॅक्टर व ट्रेलर यांनाही हाच न्याय लागू आहे.

पहिली गोष्ट वजनाची. जीपच्या मागे लावण्याचा जुना पाव टनी ट्रेलर खडबडीत वाटेवर सुमारे ५०० पौंड, म्हणजे २२७ किलो भार नेण्यासाठी बनविलेला होता. युरियाची ४५ किलोची पाच पोती भरली की तो भरला. एक टनी ट्रेलरची मर्यादा ५० किलोच्या २० पोत्यांची. पेटी किती मोठी आहे यावरून भार ठरवू नये. एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट वाळूचे वजन चार टनांहून अधिक भरते. पेटीत माल मावतो म्हणून आस तो पेलेलच असे नाही.

दुसरी गोष्ट आकड्याची. लष्करी ट्रेलरच्या दांड्याला बहुधा जाड लोखंडी कडे असते व ते लष्करी गाडीच्या मिटणाऱ्या आकड्यात बसते. ट्रॅक्टरला पिन असते, तर काही जीपगाड्यांना गोळा असतो. गोळ्यावर कडे अडकविणे सर्वथा गैर आहे. मोठ्या कड्यात बारीक पिन घातली तर सुटताना व थांबताना हिसका बसतो आणि दोन्ही झिजत जातात. सबब कड्याच्या मापाची पिन वापरावी, पिनेला खालून खीळ घालावी, आणि दांड्याखालून फुलीच्या आकारात दोन साखळ्या बांधाव्यात. पिन तुटलीच तर दांडा त्या साखळ्यांवर तोलला जातो, जमिनीत घुसत नाही.

तिसरी गोष्ट उंचीची. भरलेला ट्रेलर सपाट जागी उभा करून दांड्यावर पाणसळ धरावी. दांडा वर उचललेला असेल तर भार मागे सरतो. तो खाली झुकलेला असेल तर जोडावर अधिक येतो. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारणतः विसावा ते दहावा हिस्सा जोडावर यावा. त्याहून कमी आल्यास वेगात ट्रेलर शेपटीसारखा झुलू लागतो. फार अधिक आल्यास ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकत नाही.

दिवा मागच्यासाठी

सर्वांत अधिक हेळसांड होते ती दिव्यांची. अनेक लष्करी वाहनांची वीज २४ व्होल्टची असते. शेतावरील ट्रॅक्टरची बहुधा १२ व्होल्टची. २४ व्होल्टचा दिवा १२ व्होल्टवर लावला तर तो जळत नाही असे नव्हे. तो मिणमिणतो, आणि येथेच फसगत होते. विजेचा दाब निम्मा झाला की उजेड निम्मा न होता सुमारे दशांशावर येतो. रात्री अंगणात उभे राहून पाहिले तर दिवा लागलेला दिसतो आणि मालकाचे समाधान होते. धुक्यात मात्र त्याचा काही उपयोग होत नाही. शिवाय काही लष्करी ट्रेलरवर शत्रूच्या नजरेस पडू नयेत म्हणून मुद्दाम मंद केलेले दिवेही असतात. सैनिकाचा तो दिवा लपण्यासाठी असतो. शेतकऱ्याचा दिवा दिसण्यासाठी असला पाहिजे. म्हणून जुने दिवे काढून सर्व दिवे ट्रॅक्टरच्या व्होल्टचे बसवावेत.

जुन्या तारांच्या रंगांवर विसंबू नये. प्रत्येक तार तपासणीच्या दिव्याने ओळखून घ्यावी. लष्करी ट्रेलरची खूण ट्रॅक्टरच्या सॉकेटशी जुळत नसल्यास सात पिनांचे नवे सॉकेट बसविणे सोयीचे पडते. वीज परत नेणारी अर्थची तार स्वतंत्र असावी. कडे व पिन यांच्या लोखंडातून ती वीज जाईल असे मानू नये, कारण ग्रीस, रंग व गंज तिला अडवितात. मागचे दोन दिवे ५ वॅटचे, ब्रेकचे दोन व वळणाचा एक दिवा २१ वॅटचा धरला, तर एका वेळी ७३ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ६ अँपिअरचा प्रवाह या एकाच तारेतून परत जातो. म्हणून ती इतर तारांहून जाड घ्यावी. ब्रेक दाबताच मागचा दिवा मंदावला किंवा इंडिकेटर चाळवले, तर दोष बहुधा अर्थच्या तारेत असतो. ट्रेलरसाठी वेगळा फ्यूज ठेवावा आणि तार लोखंडातून जाते तेथे रबरी कडे घालावे. वळताना ताणणार नाही व रस्त्यावर घासणारही नाही एवढीच ढील तारेस द्यावी. कोयनेच्या पावसात झाकण नसलेले सॉकेट फार दिवस टिकत नाही. दिवा निकामी झाला तरी परावर्तक उपयोगी पडतात. तेही मागे दोन्ही कडांना असावेत.

उतार व आक्षेप

लहान लष्करी ट्रेलरला पुष्कळदा केवळ हातब्रेक असतो. तो उभ्या ट्रेलरला धरतो, चालत्या ट्रेलरला नव्हे. उतारावर ट्रेलरचे सारे वजन ट्रॅक्टरला ढकलते. म्हणून चढावर लागणाऱ्या खालच्या गिअरमध्येच उतरावे, आणि क्लच दाबून किंवा गिअर सोडून कधीही उतरू नये. शेतात वेगवेगळे वापरले जाणारे डाव्या-उजव्या ब्रेकचे पायटे रस्त्यावर येण्यापूर्वी एकत्र अडकवावेत. एकाच बाजूचा ब्रेक लागल्यास ट्रॅक्टर आडवा होतो व ट्रेलर त्यावर चढतो.

“आम्ही दिवसाच जातो, मग दिव्यांचा खर्च कशाला?” असा आक्षेप घेतला जातो. परंतु धुके घड्याळ पाहून उतरत नाही. कराड भागात उसाचा हंगाम लागला की वाहतूक रात्रीही चालते. आणि बिघाड झालेला ट्रॅक्टर अंधार पडेपर्यंत रस्त्यातच अडकून राहतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे व त्याची नोंदणी आवश्यक आहे. लिलावाची पावती म्हणजे रस्त्यावर येण्याचा परवाना नव्हे. तथापि केवळ कायद्याच्या धाकाने लावलेला दिवा तपासणीपुरताच जळतो.

या बाबतीत गावाने मिळून काही करणे इष्ट आहे. मृगापूर्वी एक दिवस व उसाच्या हंगामापूर्वी एक दिवस सर्व ट्रेलर एका ठिकाणी आणावेत. सेवा सोसायटीने वायरिंग जाणणारा कारागीर बोलवावा. लष्करात वाहनविभागात काम केलेले माजी सैनिक गावोगाव आहेत. त्यांचे ज्ञान अशा दिवशी कामी यावे. एकाने ट्रॅक्टरवर बसून ब्रेक दाबावा व दुसऱ्याने शंभर पावले मागे उभे राहून पाहावे, एवढी परीक्षाही पुष्कळ दोष दाखविते.

नांगराचा फाळ मालकाच्या कामाचा, खताचे पोते मालकाच्या पिकाचे; पण ट्रेलरचा मागचा दिवा चालविणाऱ्याला स्वतःला कधीच दिसत नाही. तो परक्यासाठी लावावयाचा असतो. त्या परक्यात उद्या आपलाच मुलगा मोटारसायकलवर असू शकेल, हे ध्यानात ठेवून शेतकरी बंधूंनी ट्रेलरचा पहिला खर्च जोडणीवर करावा, आणि रंग पुढच्या दसऱ्याला द्यावा.