स्वमग्न लेकराला लपवू नका



संत्र्याचे झाड सुकू लागले तर आपण मूळ तपासतो, झाडाला दूषण देत नाही. मग हाकेला ओ न देणारे, नजर टाळणारे लेकरू दिसले की बाहेरची बाधा का म्हणावी? ही स्वमग्नता होय. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी तिचे वर्णन केले. ती मेंदूच्या वाढीतील वेगळेपणा आहे. आईबापाच्या पापाची शिक्षा नव्हे. जन्मांधाविषयी प्रभू येशूनेही शिष्यांना हेच सांगितले.

पुष्कळ स्वमग्न मुलांना शिकणेही जड जाते. त्यांना एका वेळी एकच काम, खुणेने वा चित्राने, रोज ठरल्या वेळी शिकवावे. काहींना पाण्याची ओढ असते, धोका कळत नाही. म्हणून विहिरीला कठडा बांधावा, फवारणीचे औषध कुलपात ठेवावे.

२०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आहे. "आमच्यामागे याचे कोण?" ही आईबापांची खरी चिंता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने १८ वर्षांनंतरही पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्ह्याच्या कलेक्टरांच्या समितीकडे अर्ज करावा. पण तो पालक कागदावरचा; सोबत गावानेच द्यायची. मिस्सेत असे लेकरू ओरडले तर मागे वळून पाहू नका. शेजारी जागा द्या.