निवडुंगाचे पाणी

मराठीत ‘पाणी पाजणे’ या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ होतात, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. तहानलेल्याला पाणी पाजणे हे पुण्य. आणि प्रतिस्पर्ध्याला पाणी पाजणे म्हणजे त्याला पुरते चीत करणे. हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरावेत असा प्रसंग सहसा येत नाही. कुंडीतल्या निवडुंगाच्या बाबतीत मात्र तो हटकून येतो. आपण पुण्य म्हणून रोज तांब्याभर पाणी पाजतो, आणि दोन-तीन महिन्यांत तो बिचारा चीत होतो.

आमच्या शिरड शहापुरात अलीकडे बऱ्याच ओट्यांवर या काटेरी पाहुण्याची कुंडी दिसते. पणजोबांच्या पिढीला हे पाहून हसू आले असते. त्यांना ठाऊक होता तो बांधावरचा फड्या निवडुंग. तोही मूळचा अमेरिकेचाच. पण इथे असा माजला की कुऱ्हाडीला दाद देईना. जेवढे तुकडे करावे तेवढी नवी झुडपे! अखेर १९२६ च्या सुमारास श्रीलंकेतून एक किडा आणून सोडला, तेव्हा कुठे दक्षिणेतली राने मोकळी झाली. ज्याला हटवायला परदेशी किडा आणावा लागला, त्याचाच भाऊबंद आज आपल्या तांब्याने मरतो, ही गंमतच म्हणायची.

याचे कारण त्याच्या घडणीत आहे. निवडुंगाने पानांचे काटे केले आणि खोडाची टाकी केली. अंगावरच्या उभ्या घड्या पेटीच्या भात्यासारख्या असतात. पाणी मिळाले की फुगतात, सरले की मिटतात. इतर झाडे दिवसा श्वासरंध्रे उघडतात. हा रात्रीच्या गारव्यात उघडतो, लागणारी हवा साठवून घेतो आणि उजाडताच दारे लावून बसतो. त्यामुळे उन्हात त्याचे पाणी फारसे उडून जात नाही. एवढ्या काटकसरी माणसाच्या घरी रोज शिधा पाठवला, तर तो कुजायचाच.

तेव्हा निवडुंगाला पाणी पाजण्यापूर्वी त्याचे पाणी जोखावे. ही विद्या आपल्याला नवी नाही. पाऊस पडला की शेतकरी लगेच तिफण जुंपत नाही. वाफशाची वाट पाहतो. कालव्याखाली पाण्याची हाव केली की जमीन चिबड होते, हेही त्याला सांगावे लागत नाही. निवडुंगाला वाफशाच्याही पुढे थांबायचे, एवढाच फरक. उदबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसावी आणि थोड्या वेळाने काढून पाहावी. काडी ओलसर निघाली किंवा तिला माती चिकटली तर तांब्या खाली ठेवावा. कोरडी निघाली तर मात्र चमचाभर शिंपडून भागवू नये. तळाच्या भोकातून वाहीपर्यंत सावकाश घालावे, आणि खालच्या ताटलीत साचलेले ओतून टाकावे.

कुंडी मातीची, भोकाची हवी. आमची काळी माती कापसाला लक्ष्मी असली तरी इथे वैरीण. ती ओल धरून बसते. दोन भाग जाड वाळू व विटांचा चुरा, एक भाग साधी माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत एवढे पुरे.

आता वर्षाचा हिशेब. चार-सहा इंची कुंडीसाठी तो पाडव्यापासूनच मांडू. दिवाळीनंतर दोन पाण्यांतले अंतर वाढवीत पंधरा दिवसांवर न्यावे. मार्गशीर्ष-पौषात महिन्यातून एकदा, तेही उन्हाच्या दिवशी सकाळी. रथसप्तमीनंतर दहा-बारा दिवसांनी. चैत्र-वैशाखात आठवड्याने, पण भर दुपारी कधीच नाही, कारण तापलेल्या कुंडीत मुळे शिजतात. ऊन उतरून कुंडी निवल्यावर घालावे, आणि दुपारच्या उन्हाला आडोसा करावा. मृग लागला की कुंडी पत्र्याखाली घ्यावी, वळचणीची धार तिच्यावर येऊ देऊ नये. लांबलेली उघडीप असेल तरच पाणी. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत पुन्हा आठ-दहा दिवसांनी. अर्थात पंचांगापेक्षा काडीचा शब्द मोठा. औंढ्याला नागनाथाच्या पिंडीवर संततधार शोभते, निवडुंगावर नव्हे.

एक अपवाद सांगायलाच हवा. ज्याला आपण घरोघर ब्रह्मकमळ म्हणतो, ते रात्री उमलणारे पांढरे फूलही निवडुंगाच्याच कुळातले. खरे ब्रह्मकमळ हिमालयात उगवते. हे मेक्सिकोकडच्या दमट रानातले, झाडांच्या खोडांवर वाढणारे. त्याला सावली लागते आणि पाणीही इतर निवडुंगांहून जास्त. वरची माती सुकली की ते द्यावे.

आणि फुले हवी असतील तर हिवाळ्यातला उपास चुकवू नये. मोसंबीचा बागाईतदार बहर धरण्यासाठी बागेला ताण देतो. पाणी तोडतो, पाने पिवळी पडताना पाहतो, आणि तरी पाट सोडत नाही. निवडुंगाच्या कित्येक जातींनाही असाच थंड, कोरडा विसावा मिळाला तर उन्हाळ्याच्या तोंडी कळी धरते.

आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. मुलगा पुण्याला नोकरीला. मागच्या दिवाळीला आला तेव्हा हातभर उंचीचा खांबासारखा निवडुंग ठेवून गेला. गुरुजी रोज स्नान करून तुळशीला पाणी घालीत आणि उरलेले त्याला. संक्रांतीच्या सुमारास तो सुरकुतला. तहानला असेल म्हणून पाणी वाढले. खरी गोष्ट अशी की मुळे कुजली म्हणजे झाड पाण्यात उभे राहूनही तहानेने सुकते. बुंधा दाबून पाहिला तर मऊ लागला. मी म्हटले, “गुरुजी, वरचा निरोगी भाग कापू या. आत तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत कापायचे, दहा-बारा दिवस सावलीत सुकवायचे, मग कोरड्या वाळूत उभे करायचे. मुळ्या फुटेपर्यंत पाणी नाही.”

बाईंना ते पटेना. “लेकराचं झाड हाय सर, तहानलेलं कसं ठिवावं?” मला उत्तर सुचले नाही. दुष्काळ पाहिलेल्या या मुलखात पाण्याचा तांब्या पुढे करणे हीच मायेची पहिली खूण. तो मागे घ्या म्हणणे सोपे नाही. पण गुरुजींनी मन घट्ट केले. रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झाले की कुंडीजवळ नुसते उभे राहत. चैत्रात त्यांनी खांबाला हलकेच ओढून पाहिले, तर तो वाळू सोडीना. त्या दिवशी त्यांनी पहिले पाणी घातले.

संध्याकाळी मुलाचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होतो. गुरुजी म्हणाले, “झाड चांगलं आहे. आता मी रोज पाणी घालत नाही. तू सवडीनं फोन केलास तरी चालेल.”

असो. दिवाळी आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला फराळ आणि पाणी अवश्य द्या. ओट्यावरच्या त्या काटेरी पाहुण्याची तेवढी आधी काडीने विचारपूस करा.