जखमी जवानाची उचल

अमेरिकेत भरती होताना काही जवानांना बोनस कबूल करतात, अमुक वर्षं नोकरी करायच्या बोलीवर. म्हणजे आपल्याकडची ऊसतोडीची उचलच म्हणा. २००७ साली इराकमध्ये बॉम्बनं जखमी होऊन घरी आलेल्या एका जवानाला लष्कराचं पत्र आलं: मुदत पुरी झाली नाही, बोनसातले तीनेक हजार डॉलर परत करा. पेपरात बोंब झाल्यावर लष्कर म्हणालं, पत्र चुकून गेलं.

उचल घेऊन गडी फडातून पळाला, तर मुकादमानं पैसे मागावेत. पण कोयता पायावर बसून आडवा पडलेल्याच्या उशाशी वही घेऊन बसायचं? बसणारे आहेत, नाही असं नाही. गावात त्यांना भला कोणी म्हणत नाही.

हा जवान तर पळाला नव्हता. मुदत बॉम्बनं मोडली. जिवाच्या जोखमीचे पैसे होते, ती जोखीम त्यानं अंगावर घेतली. मग बाकी कसली? मी तर म्हणतो, परत मागायचं सोडाच, राहिलेले हप्तेही द्या. सरकारी पैशाला हिशेब पाहिजे म्हणता? जरूर ठेवा. त्यात त्याची जखम कुठल्या रकान्यात मांडली, तेवढं दाखवा.